मागून आणलेलं नाव

“म्हणजे भीक मागून मिळालेला. एवढाच ना अर्थ, महाराज?”

केरोबा महाराज झोळी शिवत राहिले.

हिरण्यकेशीच्या काठी, घाटाच्या वरच्या अंगाला त्यांचा मठ होता. मठ म्हणजे एक खोली, पुढे ओटी आणि दारात तुळस. रोज सकाळी महाराज गावात माधुकरी मागत आणि मिळेल ते देवाला दाखवून खात. त्या माधुकरीची झोळी तळाशी पार विरली होती. ठिगळाला कापड मिळालं नव्हतं, म्हणून नुसतेच टाके घालणं चाललं होतं. टाके टिकत नव्हते.

समोर भिकाजी देसाई बसला होता. पाठशाळेत शिकून आलेला, आवाजाचा गोड, पाठांतराचा चोख. हनुमानजयंतीला देवळात त्याचं पहिलं कीर्तन होतं. त्यासाठी आणलेलं जरीकाठी उपरणं तो आधीपासूनच खांद्यावर घेऊन फिरत होता.

“महाराज, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकलं. पुढे बोल.”

“देवळापुढे रंगारी फलक रंगवतोय. मारुती झाला, तिथी झाली. नावाची जागा मोकळी आहे. मी त्याला सांगून आलोय, भिकाजी लिहू नको. महाराज नवं नाव देतील, ते लिही.”

“मी देणार?”

“अनुग्रह तुमचा आहे. नाव तुम्हीच द्यायला हवं… मी फक्त सुचवतो. विद्याधर.”

“चांगलं आहे.”

“विद्या धारण करणारा. या नावाचा माणूस बुद्धिमान निघतो. बोलका, तेजस्वी, सभेत छाप पाडणारा.”

“गावातल्या पोरांची नावं तूच काढून देतोस म्हणे.”

भिकाजी खुलला. बारसं ठरलं की बायका आधी त्याच्याकडे येत. तो नावाचं मूळ सांगे, अर्थ सांगे, आणि त्या नावाचा मुलगा पुढे कसा होईल तेही सांगे. बायका पदर सावरून ऐकत आणि समाधानानं घरी जात.

“नावातला गुण माणसात उतरतो, महाराज. हाक मारून मारून मुरतो. लोणच्यात मीठ मुरतं तसा.”

“सुतारांच्या नातवाला काय ठेवलंस?”

“धैर्यशील.”

“परवा माधुकरीला गेलो होतो. अंगणात कोंबडा आला म्हणून आईच्या निऱ्यांत शिरला होता.”

“लहान आहे अजून…”

“आणि वाण्यांचा शांतिनाथ?”

भिकाजीला हसू आवरेना. शांतिनाथ दुकानात बोलला की नदीपलीकडची गुरं मान वर करत.

“उलट आपला धोंडिबा बघ. नावात धोंडा. पण रडणारं पोर कुणाचंही असो, त्याच्या खांद्यावर गप्प झोपतं.”

“हे अपवाद झाले, महाराज.”

“बरं. मग भिकाजी नावाचा माणूस कसा निघतो?”

भिकाजीचं हसू गेलं.

“हात पुढे करणारा,” तो म्हणाला. “ओशाळा. लाचार.”

“तू तसा आहेस?”

“नाही!”

“मग तूही अपवादच म्हणायचा.”

महाराजांनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला. म्हातारी नजर, दोरा सुईला चुकवत होता. भिकाजीनं ओवून दिला.

“लोक हसतात हो, महाराज. देसायांचं घर आमचं. आमच्या दारातून कुणी विन्मुख गेलं नाही. आणि त्या घरात भिकाजी! मागे तालुक्याहून मंडळी आली होती माझं गाणं ऐकायला. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तेवढ्यात आई लांबून ओरडली, भिकूऽऽ, पाणी तापलंय रे, आंघोळीला ये! सगळे हसले. एक जण म्हणाला, देसायांच्यात भिकू असतो होय?”

“मग?”

“मग घरी गेल्यावर आईला सांगितलं. या नावानं पुन्हा हाक मारू नकोस म्हणून.”

“आता कुठल्या नावानं मारते?”

“आता…”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. तो आवाज तेवढा येत राहिला.

“आता मारत नाही,” भिकाजी म्हणाला.

“मुळीच नाही?”

“दुसरं नाव तिच्या जिभेवर चढत नाही. आणि पहिलं मीच बंद केलं.”

“जेवायला कशी बोलावते?”

“वाटीवर पळी वाजवते.”

महाराजांचा हात थांबला. सुई तशीच वर राहिली.

“माझं नाव ठाऊक आहे ना तुला?” ते म्हणाले.

“केरोबा महाराज.”

“केरातून उचललेला तो केरोबा. मी जन्मलो तसं आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि, घे बाई, सापडलाय, म्हणून परत आईच्याच पदरात टाकलं. टाकलेल्या पोरावर कुणाची दृष्ट पडत नाही ना, म्हणून.”

“तुमची गोष्ट निराळी. तुमच्यापुढे महाराज लागतं.”

“आई नुसतं केऱ्या म्हणायची.”

भिकाजीनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

“नाव देतो मी,” महाराज म्हणाले. “विद्याधर तर विद्याधर. पण रीत अशी आहे की जुनं आधी परत करायचं.”

“परत? कुणाला?”

“ज्यांच्याकडून आणलं त्यांना.”

“नाव कधी कुणाकडून आणतात का?”

“तुझं आणलेलं आहे. सांग बघू, भीक कुणी मागितली?”

“कसली भीक?”

“तुझ्या नावात आहे ती.”

भिकाजी सरसावून बसला. गावातल्या इतक्या पोरांच्या नावांचं मूळ त्यानं सांगितलं होतं.

“मूळ शब्द भिक्षा, महाराज. संस्कृतातला धातू—”

“धातू नको,” महाराज म्हणाले. “दार सांग.”

*

मथुराबाई स्वयंपाकघरात कैरी किसत होत्या. चैत्राचा शुक्रवार. दुपारच्या हळदीकुंकवासाठी हरभऱ्याची डाळ भिजली होती, पन्ह्याच्या कैऱ्या उकडून निवत ठेवल्या होत्या. मुलगा दारात उभा राहिलेला पाहून त्यांनी किसणी बाजूला सारली. काही म्हणायला ओठ उघडले. मग तसेच मिटले.

“आई, माझं नाव कुठून आणलंस?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कुंची होती. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची, तसली. एक तुकडा निळा, एक फुलाफुलांचा, एक जाडाभरडा, एक लाल मखमलीचा. शिवण बारीक, हातची.

“ही माझी?”

“तुझीच.”

“अशी का?”

“मागून आणली म्हणून.”

त्या पाटावर बसल्या. कुंची मांडीवर पसरली. बोलताना त्या तिच्याकडेच बघत होत्या.

“तुझ्याआधीची राहिली नाहीत रे. दर खेपेला पाळणा खाली काढायचा, पुसायचा… आणि परत माळ्यावर ठेवायचा. तुझ्या वेळेला देवीला म्हटलं, या खेपेस माझं म्हणून काही नाही. लेकुरवाळ्यांच्या दारी जाईन, पदर पसरीन. त्यांच्या पोरांच्या कपड्यांतला तुकडा मागीन. त्याचंच पहिलं वस्त्र घालीन. देसायांच्या घरातला दोरासुद्धा लावणार नाही.”

“आबा काही बोलले नाहीत?”

“मी मागच्या दारानं निघाले होते. ते म्हणाले, पुढच्या दारानं जा.”

ज्यांनी असा नवस केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. देणाऱ्या घरातल्या बाईला पदर पसरताना फार जड जातं. पाय चालतात, पण हात उचलत नाही.

“कुणाकुणाच्या दारी गेलीस?”

मथुराबाईंनी निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “ताराक्का कासारीण.” फुलाफुलांच्या तुकड्यावर ठेवलं. “मुजावरांची हलिमा.” अशी एकेक घरं त्यांनी सांगितली. मखमलीच्या तुकड्याशी आल्यावर बोट जरा थांबलं. “सोनूचा आहे हा.”

“सोनूकाकी? आपली बांधावरची?”

“तिचाच.”

भिकाजी बघत राहिला. सोनूकाकी म्हणजे भाऊबंदांतली. बांधावरून दोन्ही घरांचं वाकडं होतं, ते त्याच्या जन्माच्या आधीपासून. त्या घराची पायरी तो कधी चढला नव्हता.

“महाराजांनी परत करायला सांगितलंय,” तो म्हणाला. “नाव बदलायचं तर आधी हे परत करायचं.”

मथुराबाईंनी कुंचीची घडी घातली. घडीवरून एकदा हात फिरवला आणि ती त्याच्या हातात दिली.

“कर की, बाबा. तुझं नाव आहे, तू बदल,” त्या म्हणाल्या. “फक्त मला सवय होईपर्यंत जरा… जरा दमानं घे.”

आणि किसणी पुढे ओढून त्या कैरी किसू लागल्या.

*

ताराक्का कासारीण ओसरीवर बांगड्यांच्या माळा लावत होती. कुंची बघून ती उठूनच उभी राहिली.

“अगंबाई, ही अजून आहे? हा बघ, हा आमच्या थोरल्याच्या अंगड्याचा!”

“आक्का, हा तुकडा परत घ्या.”

“काय करू?”

“परत घ्या. मला नाव बदलायचंय.”

ताराक्का हसत सुटली. हसता हसता खाली बसली.

“आता थोरल्याला टक्कल पडलंय रे. हा तुकडा घेऊन कुठं लावू, त्याच्या टकलाला?” तिनं डोळे पुसले. “देसायांचा पोरगा पहिल्यांदा दारात आलाय, त्याला रिकामा लावून देऊ होय? आईला हिरवा चुडा घेऊन जा.”

“चुडा आहे तिला, आक्का. परवाच भरलाय…”

“म्हणून काय झालं? देवीला वाहील ती. धर.”

“अहो, मी घ्यायला नाही आलो.”

“उपरणं पुढं कर म्हणते ना!”

भिकाजीचं उपरणं पुढे झालं. कसं झालं ते त्याला कळलं नाही.

हलिमाचाचीला आताशा दिसत नव्हतं. तिनं कुंची हातात घेतली आणि बोटांनी तुकडे चाचपत गेली. फुलाफुलांच्या तुकड्यावर बोटं थांबली.

“दस्तगीरच्या ईदच्या सदऱ्याचा. नवाकोरा होता. तुझी आई म्हणत होती, चाची, जुना द्या, जुना चालंल. मी म्हटलं, जुन्याला काय करतीस, बाळ नवं येणार ना?”

“चाची, तो परत घ्या आता.”

“दिलेलं परत घेऊ? वर गेल्यावर काय सांगू मी, भिकूच्या अंगावरचं काढून घेतलं म्हणून?”

तिनं हाक मारून सुनेकडून खजूर मागवले आणि त्याचं उपरणं हातानं शोधून त्यात ओतले.

बाकीच्या दारांतही असंच झालं. कुणी रागावलं, कुणी हसलं, एकीनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि नुसतीच रडली. घेतलं कुणीच नाही. गूळ मात्र मिळाला, नारळ मिळाला, शेवग्याच्या शेंगा मिळाल्या. उपरण्याला गाठ मारावी लागली. जरीचा काठ गाठीत चुरगळला.

सोनूकाकीच्या अंगणात सांडगे वाळत होते. भिकाजी फाटकाबाहेर उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं होतं. आत जावं की परत फिरावं, त्याला समजेना.

“कोण आहे?” काकीचा आवाज आला.

“मी… भिकाजी.”

स्वतःची ओळख म्हणून ते नाव बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून निघालं होतं.

“कुणाचा?”

देसायांचा, म्हणायला तो तोंड उघडणार होता.

“मथुराबाईंचा,” तो म्हणाला.

काकी सांडग्यांपासून उठली. फाटक उघडलं. “बस,” म्हणाली, आणि कुंची त्याच्या हातातून घेतली. मखमलीवर अंगठा फिरवत राहिली.

“माझ्या वसंताच्या बारशाचं टोपडं होतं हे.”

“काकी, एवढं भांडण असताना तुम्ही दिलंत?”

“ती दारात आली तेव्हा असंच ऊन होतं. अनवाणी आली. मला वाटलं, आली भांडायला. मीपण पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, बोल आता…” काकी थांबली. “आणि तिनं पदर पसरला.”

सांडग्यांवर चिमण्या उतरल्या. काकीनं हाकलल्या नाहीत.

“मी खोचलेला पदर कधी सुटला, मलाच कळलं नाही.”

“मग तुम्ही दोघी बोलत का नाही?”

“बोलायला कशाला पाहिजे? दर चैत्रात हळदीकुंकवाला ती आधी माझ्या दारात येते. मला कुंकू लावते, मी तिला लावते. बांधाचं काय ते पुरुषांनी बघावं.”

आई चैत्रात आधी त्याच घरांना जाऊन येते, हे भिकाजीनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. का जाते, ते विचारलं नव्हतं.

“काकी… हा तुकडा…”

“परत करायला आलास. कळलं मला. ताराक्काची हाळी इथवर येते.” काकीनं कुंची त्याच्या मांडीवर ठेवली. “बाळाच्या डोक्यावरचं टोपडं कुणी काढून घेतं का रे, वेड्या?”

तिनं ओंजळभर सांडगे कागदात बांधले.

“आईला सांग, यंदा मीठ जरा जास्त पडलंय.”

*

देवळावरून जाताना रंगाऱ्यानं हाक मारली.

“बुवा, नाव काय ते सांगा की! दोनदा रंगवलं मारुतीचं शेपूट. आता तिसऱ्यांदा रंगवलं तर फलकाबाहेर जाईल.”

“थांब जरा,” भिकाजी म्हणाला. त्याचे पाय मठाकडे वळले.

ऊन उतरलं होतं. महाराज अजून झोळीशीच झटत होते. भिकाजीनं उपरण्याची गाठ त्यांच्यापुढे ठेवली आणि धपकन खाली बसला.

“झालं परत?”

“कुणी घेत नाही, महाराज.”

“आणि ही गाठ कसली?”

भिकाजीनं गाठ सोडली. चुडा, खजूर, गूळ, नारळ, शेंगा, सांडगे. महाराजांनी एकेक वस्तू उचलून पाहिली.

“मागितलंस?”

“नाही! परत द्यायला गेलो होतो. तर हे…”

“कुंची बघू.”

महाराजांनी ती गुडघ्यावर पसरली. शिवण पाहिली, एकेक तुकडा पाहिला. मग झोळी उचलून तिच्या भोकावर कुंचीचा जाडाभरडा तुकडा धरून पाहिला.

“बरोबर बसतोय,” ते म्हणाले. “सकाळपासून मला एवढंच ठिगळ हवं होतं. नाहीतरी तुला परत करायचंच आहे. गाववाले घेत नाहीत तर मी घेतो.”

आणि त्यांनी कात्री उचलली.

भिकाजीचा पंजा कुंचीवर पडला.

“नाही.”

महाराज थांबले.

“हिला नाही, महाराज. हिला कात्री नाही लावायची.”

“परत करायला निघाला होतास ना?”

“हो…”

“गुरूला नाही म्हणतोस?”

भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मात्र हलला नाही.

“हो, महाराज. नाही म्हणतो.”

त्यानं कुंची ओढून छातीशी घेतली. मग इकडेतिकडे पाहिलं. समोर उपरणं पसरलेलं होतं. त्यानं त्यातल्या वस्तू ओटीवर नीट मांडल्या, उपरण्याचं टोक दातात धरलं आणि जरीच्या काठासकट एक मोठा तुकडा टरकन फाडला.

“हे घ्या.”

महाराजांनी तो हातानं घेतला नाही. त्यांनी झोळी दोन्ही हातांनी पुढे धरली. रोज सकाळी लोकांच्या दारात धरत, तशी. मान थोडी वाकलेली, डोळे खाली.

भिकाजीनं तो तुकडा झोळीत टाकला.

महाराज ठिगळ लावत होते. या कापडावर टाके धरत होते. विटलेल्या झोळीच्या तळाला जरीचा काठ झळकत होता.

“झोळी देसायांची झाली,” महाराज म्हणाले.

भिकाजी हसला. रडता रडताच हसला.

“बरं, आता नाव. विद्याधर म्हणाला होतास…”

“महाराज.”

“हं?”

“सकाळी मी तुम्हाला एक विचारलं होतं. माझ्या नावाचा अर्थ…”

“विचारला होतास.”

“तुम्ही सांगितला नाहीत.”

“नाही सांगितला.”

“मग काय आहे तो?”

महाराज शेवटचा टाका घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

खाली घाटावर मथुराबाई आल्या होत्या. हळदीकुंकवाच्या बायका जाऊन डाळ-पन्हं आटोपलं होतं. सकाळचा उपाशी बाहेर पडलेला मुलगा दिवेलागण जवळ आली तरी घरी नव्हता. देवळाची पंचमंडळी पायऱ्यांवर गप्पा मारत बसली होती. मथुराबाईंनी कपाळावर हात धरून नदीकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं. हातात वाटी नव्हती, पळी नव्हती.

“भिकूऽऽ—”

हाक घाटावरून वर आली आणि मध्येच तुटली.

मथुराबाईंनी पदर तोंडाशी नेला. पंचांच्या माना वळल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून त्या ओशाळं हसल्या, आणि आपल्या हातून भलतंच काही सांडावं तशा घाईनं मागे फिरल्या.

वर ओटीवर भिकाजी उठून उभा राहिला होता. कुंची छातीशी तशीच होती. त्यानं एकदा खाली पाहिलं आणि एकदा महाराजांकडे.

महाराजांनी दोरा दातांनी तोडला.

“अर्थ मग सांगतो,” ते म्हणाले. “आधी ओ दे.”